बटरफ्लाय इफेक्टचे चार शेवट आणि एक स्वयंपाकघर

ज्यांनी २००४ सालचा 'द बटरफ्लाय इफेक्ट' अजून पाहिला नाहीये त्यांनी आधी पिक्चर बघून या, कारण इथे शेवटासकट सगळं फोडणार आहे, आणि शेवट पण एक नाही, चार आहेत. ज्यांनी पाहिलाय त्यांच्यात कायम दोन गट पडतात, एक म्हणतो लॉजिकची पार वाट लावलीये, दुसरा म्हणतो लॉजिक गेलं खड्ड्यात, आतून हललास की नाही ते सांग. मी दुसऱ्या गटातली आहे पण वाद घालायला मला पहिला गट आवडतो, कारण ते लोक ज्या प्लॉट होल्सवर, म्हणजे कथेतल्या लॉजिकच्या भोकांवर, बोट ठेवतात ती बहुतेक खरी असतात. फक्त सगळ्यात मोठ्या प्लॉट होलबद्दल कुणीच बोलत नाही असं मला वाटतं, आणि ते टाइम ट्रॅव्हलचं नाहीचे. त्याकडे येते.

थोडक्यात आठवण करून देते. इव्हान ट्रेबोर्न, म्हणजे मोठेपणीचा अॅश्टन कुचर, लहानपणापासून त्याला ब्लॅकआउट येतात. काहीतरी भयंकर घडायच्या क्षणी त्याची मेमरीच कट होते आणि शुद्धीवर येतो तोपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. डॉक्टर म्हणतात डायरी लिही. शेजारच्या मिलरांकडे केली आणि टॉमी ही भावंडं, त्यांचा बाप जॉर्ज मिलर, आणि तिसरा दोस्त लेनी. हा जॉर्ज व्हिडिओ कॅमेरा घेऊन सात वर्षांच्या पोरांना तळघरात नेतो, पिक्चर काढूया म्हणून, आणि तिथे मुलांचं लैंगिक शोषण होतं. पुढे तेराव्या वर्षी हीच पोरं एका घराच्या लेटरबॉक्समध्ये डायनामाइटची कांडी ठेवतात आणि त्यात एक आई आणि तिचं तान्हं बाळ जातं. मग टॉमी इव्हानच्या कुत्र्याला पोत्यात बांधून जाळतो. कॉलेजात गेल्यावर इव्हानला कळतं की जुन्या डायऱ्या वाचल्या की तो त्या ब्लॅकआउटच्या क्षणात परत जाऊ शकतो, मोठ्याचं डोकं आणि लहान मुलाचं अंग घेऊन, आणि तिथे काही बदललं की परत येईपर्यंत पुढचं सगळं आयुष्य बदललेलं असतं. नाकातून रक्त येतं आणि नव्या आयुष्याच्या आठवणी एकदम डोक्यात कोंबल्या जातात. दर वेळी कुणीतरी एक वाचतं आणि दुसरं कुणीतरी बरबाद होतं. लिहिला आणि दिग्दर्शित केला एरिक ब्रेस आणि जे. मॅकी ग्रुबर या जोडीने.

आता सगळ्यात फेमस होल, जेलचा सीन. एका टाइमलाइनमध्ये इव्हानच्या हातून टॉमी मरतो आणि तो जेलमध्ये जातो. तिथे कार्लोस नावाचा देवभोळा सेलमेट आहे, त्याची मदत हवीये, म्हणून इव्हान त्याच्यासमोर डायरी वाचायला घेतो, थेट सात वर्षांचा होऊन शाळेच्या वर्गात जातो आणि टीचरच्या टेबलावर कागद टोचून ठेवायचे जे दोन उभे खिळे असतात त्यांच्यावर दोन्ही तळहात आपटतो. इकडे जेलमध्ये कार्लोसच्या डोळ्यांदेखत त्याच्या हातांवर येशूसारख्या खुणा उमटतात आणि कार्लोसचा विश्वास बसतो. बघताना अंगावर काटा येतो हे मान्य. पण पिक्चरच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे कार्लोसला काहीच उमटताना दिसायला नको, कारण त्याच्यासाठी त्या खुणा पहिल्या दिवसापासून तिथेच असणार, तो फार तर म्हणेल हो माहितीये, लहानपणी लागलं होतं ना तुला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सात वर्षांच्या पोराने भर वर्गात दोन्ही हात खिळ्यांवर आपटून घेतले, रक्ताने टेबल भरलं, त्यानंतर हॉस्पिटल, आईची धावपळ, शाळेतली चौकशी, आणि एवढं होऊनही पुढच्या आयुष्यात काहीही बदलत नाही, तो त्याच जेलमध्ये, त्याच सेलमध्ये, त्याच माणसासमोर बसलेला.

हे खटकतं कारण पिक्चरचं नावच ज्या कल्पनेवर आहे तिच्या हे बरोब्बर उलटं आहे. एडवर्ड लॉरेन्झ हा एमआयटीचा हवामानशास्त्रज्ञ, १९६१ मध्ये त्याने कॉम्प्युटरवर हवामानाचं एक मॉडेल परत चालवलं आणि चालवताना ०.५०६१२७ च्या जागी प्रिंटवर आलेला ०.५०६ हा आकडा टाकला. फरक किती, तर दशांश चिन्हानंतरची शेवटची तीन घरं. थोडा वेळ दोन्ही आलेख हातात हात घालून चालले आणि मग असे फाटत गेले की एकाचा दुसऱ्याशी संबंधच उरला नाही. त्यानंतर १९७२ मध्ये त्याच्या भाषणाला शीर्षक मिळालं की ब्राझीलमधल्या फुलपाखराने पंख फडफडवले तर टेक्सासमध्ये टोर्नेडो येईल का. म्हणजे जिथे आकड्याच्या शेपटीने सगळं हवामान बदलतं तिथे दोन्ही हातांना आरपार भोकं पाडून पानसुद्धा हलत नाही, हे कसं चालेल!

जयंत नारळीकर सरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा ज्यांनी वाचलीये त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. तिथे पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी लागतच नाही, हुकते, बस एवढंच बदलतं. पण तिथून पुढे सरांनी अजिबात सवलत घेतलेली नाहीये, मुंबई वेगळी, स्टेशन वेगळं, ईस्ट इंडिया कंपनी अजून ऑफिस थाटून बसलेली, सगळं त्या एका गोळीच्या हिशोबाने. फुलपाखराचं नाव घ्यायचं असेल तर एवढी शिस्त पाहिजे.

दुसरं होल डायऱ्यांचं आहे आणि ते मला जेलपेक्षा मोठं वाटतं, पण त्यावर कमी बोललं जातं. इव्हान सातव्या वर्षी तळघरात जाऊन जॉर्जला धमकावतो, त्यामुळे केलीवरचं शोषण थांबतं, म्हणजे तिथून पुढची सहा वर्षं त्या गल्लीतली सगळी नाती वेगळी व्हायला पाहिजेत. केली वेगळी मुलगी, टॉमी वेगळा, इव्हान स्वतः वेगळा. तरी तेराव्या वर्षी तीच चार पोरं, तोच लेटरबॉक्स, तीच कांडी, तोच भंगाराच्या यार्डातला कुत्र्याचा प्रसंग, आणि डायरीत त्याच नोंदी जशाच्या तशा. जेलमध्ये बसून तो त्याच जुन्या नोंदी वाचून भंगारवाल्या प्रसंगात जातो. कुठून आल्या त्या? ज्या इव्हानने त्या लिहिल्या तो तर पुसला गेला ना.

आणि तिसरं ब्लॅकआउटचं. पिक्चर सुचवतो की लहानपणीचे ब्लॅकआउट म्हणजे मोठा इव्हान भविष्यातून येऊन ती जागा वापरतोय म्हणून पडलेली भोकं. फार सुंदर कल्पना आहे ही, पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा मागचा सगळा पिक्चर डोक्यात परत फिरतो. पण मग पहिल्या, मूळ आयुष्यात तळघरात ब्लॅकआउट झाला तेव्हा भविष्यातून कोण आलं होतं? मोठा इव्हान आला असता तर त्याने जॉर्जला तिथेच अडवलं असतं, आणि मूळ आयुष्यात तर जॉर्जला कुणीच अडवलं नव्हतं. माझं मत असं की इथे पिक्चरने दोन उत्तरं मुद्दाम शेजारी शेजारी ठेवलीत, एक टाइम ट्रॅव्हलचं आणि दुसरं साधं माणसाचं, की लहान मुलाचं मन असह्य झालं की दार लावून घेतं. ज्यांच्यावर लहानपणी असं काही गुदरलंय त्यातल्या काहींना तो काळ नीट आठवत नाही, तुकड्या तुकड्यात आठवतो, हे आता बऱ्यापैकी माहिती आहे. म्हणून हे होल मी माफ करते, नुसतं माफ नाही, मला ते पिक्चरचं काळीज वाटतं. इव्हानची डायरी त्या हरवलेल्या तुकड्यांपर्यंत जायचा रस्ता आहे आणि तो रस्ता लॉजिकने धड नाहीये तरी मनाने धड आहे.

आता शेवट. थिएटरमध्ये जो दाखवला त्यात इव्हान मेंटल हॉस्पिटलमध्ये आहे, त्या टाइमलाइनमध्ये डायऱ्या अस्तित्वातच नाहीत, म्हणून तो घरगुती व्हिडिओ बघून मागे जातो, छोट्या केलीला पहिल्यांदा भेटला त्या दिवशी. आणि तिच्या कानात सांगतो की मला तू आवडत नाहीस, परत जवळ आलीस तर तुला आणि तुझ्या घरच्यांना मारून टाकीन. पोरगी रडत पळते. हे का, तर आधी एका टाइमलाइनमध्ये केलीने सांगितलेलं असतं की आईबाप वेगळे झाले तेव्हा मला विचारलं होतं कुणाकडे राहायचं, बाप नकोसा होता पण आईकडे गेले असते तर तू दिसला नसतास. हे वाक्य पहिल्यांदा बघताना निसटतं. नंतर कळतं की पूर्ण शेवट त्या एका वाक्यावर उभा आहे. केली आणि टॉमी आईकडे जातात, चांगली वाढतात, इव्हान डायऱ्या जाळतो, आणि आठ वर्षांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर दोघं एकमेकांना क्रॉस होतात. तो ओळखतो. तिला काहीतरी वाटतं, थांबते, वळून बघते, आणि दोघं आपापल्या वाटेने.

याच फुटपाथचे आणखी दोन शेवट शूट झाले होते. एकात तो वळून तिच्या मागे चालायला लागतो आणि तिथेच कट. दुसऱ्यात दोघं थांबतात, बोलतात, ओळख होते, कॉफीला जायचं ठरतं. पहिला मला ठीकठाक वाटतो. दुसरा या पिक्चरला शोभतच नाही, कारण माणसाने एवढं सगळं जिच्यासाठी सोडलं तिच्याबरोबर लगेच कॉफी म्हणजे सोडलं काय मग? त्याग आणि बक्षीस एकाच फुटपाथवर. कापला ते बरं केलं.

चौथा शेवट डायरेक्टर्स कटमधला, म्हणजे दिग्दर्शकांच्या स्वतःच्या पसंतीच्या आवृत्तीतला, आणि खरे फॅन म्हणवणारे लोक सहसा यालाच खरा शेवट मानतात. मी मानत नाही आणि हे जरा जोर देऊन सांगायचंय. त्यात इव्हान स्वतःच्या जन्माचा व्हिडिओ बघतो, आईच्या पोटात परत जातो आणि नाळेने स्वतःचा गळा आवळतो. बाळ मेलेलं जन्मतं. त्याची तयारी म्हणून या कटमध्ये आधी हात बघणाऱ्या बाईचा सीन आहे, ती म्हणते तुला आयुष्यरेषाच नाही, तू इथला नाहीसच, आणि आईच्या तोंडून कळतं की त्याच्या आधीची दोन बाळं तिने अशीच गमावली होती. म्हणजे सूचना अशी की ती दोघंही कधीतरी मोठी झाली असतील, त्यांनीही सगळं बघितलं असेल आणि हाच निर्णय घेतला असेल. लिखाण म्हणून हे हुशार आहे, नाही म्हणत नाही, थंड पडायला होतं.

पण लॉजिकने बघाल तर सगळ्यात मोठं भोक इथेच आहे. जो जन्मलाच नाही त्याने व्हिडिओ कुठे बसून बघितला? बाकीच्या उड्यांमध्ये निदान कुणीतरी मोठा होऊन डायरी उघडायला शिल्लक राहतो, इथे करणाराच राहत नाही. हा टाइम ट्रॅव्हलमधला जुना आजोबांचा पेच आहे, की मागे जाऊन स्वतःच्याच आजोबांना मारलं तर मारणारा जन्मला कसा, आणि पिक्चर त्याला हात न लावता पुढे जातो. तेही मी चालवून घेतलं असतं. मला जे चालत नाही ते हे, की लहानपणी ज्या मुलावर अत्याचार झाला त्याने सगळ्यांच्या भल्यासाठी मुळात असायलाच नको होतं, असं पिक्चर शेवटी म्हणतो आणि वर बाकीच्यांची सुखी आयुष्यं दाखवून ते सिद्ध करतो. गुन्हा जॉर्ज मिलरने केला, शिक्षा पोटातल्या बाळाने घ्यायची, आणि अँड्रियाने, म्हणजे त्याच्या आईने, तिसरं मूल गमवायचं. तिच्या दुःखाला त्या हिशोबात जागाच नाहीये. असा शेवट बघून एखादा दुखावलेला पोरगा काय घेऊन घरी जाईल याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता ते होल जे कुणी बोलत नाही. इव्हान कॉलेजमध्ये सायकॉलॉजी शिकतोय, हुशार आहे, प्रोफेसरांचा लाडका आहे. मोठ्या माणसाची अक्कल घेऊन तो सात वर्षांचा होतो, एकदा नाही अनेकदा, आणि एकदाही, एकदाही आईला सांगत नाही! जॉर्जला धमकी देतो, लेनीच्या हातात दोरी कापायला धारदार पत्रा देतो, लेटरबॉक्सकडे धावत जाऊन स्वतःचे हात गमावतो, तळघरात कांडी पेटवून उभा राहतो आणि त्या स्फोटात छोटी केली मरते. सगळं एकट्याने, सगळं अंगावर घेऊन. आणि पुरावा तर समोर स्टँडवर उभा आहे, कॅमेऱ्यात टेप फिरतेय. त्या काळातही अमेरिकेत अशी शंका आली तर डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी कळवणं कायद्याने बंधनकारक होतं, आणि इव्हानच्या आसपास डॉक्टर आहे, टीचर आहे, त्याच्या भयानक चित्रावरून आईला शाळेत बोलावून घेणारी टीचर आहे. बोलायला माणसांची कमी नव्हती.

बरं, संधी नव्हती असंही नाही. त्याच्या ब्लॅकआउटपैकी एक स्वयंपाकघरातला आहे, सात वर्षांचा इव्हान हातात मोठा सुरा धरून उभा आणि आई आत येऊन हे बघून हबकते. पहिल्यांदा बघताना आपण तो सीन फक्त भीती वाटावी म्हणून बघतो. पण नियमाप्रमाणे ब्लॅकआउट म्हणजे दार, आणि सगळ्या दारांमध्ये हे एकच दार असं आहे की उघडल्यावर समोर आई उभी आहे, दोघंच आहेत, घाई नाही, जॉर्ज नाही, टॉमी नाही. माझा पाचवा शेवट इथे आहे.

हात गेलेल्या टाइमलाइनमध्ये इव्हान ठरवतो की परत सातव्या वर्षात जायचं आणि त्या कांडीचाच निकाल लावायचा. तिथे त्याने कांडीचा नाद सोडावा आणि स्वयंपाकघरात उतरावं. सुरा ओट्यावर ठेवावा. आणि सात वर्षांच्या आवाजात मोठ्या माणसाची वाक्यं बोलावीत, तारीखवार, स्पष्ट, की मिलरांच्या तळघरात कॅमेरा आहे, केलीचे वडील आम्हाला कपडे काढायला लावतात, मला तिकडे पाठवू नकोस, आणि केलीला पण तिथे राहू देऊ नकोस, पोलिसांना फोन कर. अँड्रिया ज्या प्रकारची आई दाखवलीये, नवरा मेंटल हॉस्पिटलमध्ये, पोरगं तरी धड राहावं म्हणून रात्रंदिवस काळजी करणारी, ती हे ऐकून गप्प बसणार नाही याची मला खात्री आहे. मेलोरा वॉल्टर्सने ती भूमिका अशी केलीये की तिच्या चेहऱ्यावर हे सगळं दोन मिनिटांत बघायला मिळालं असतं. तिच्यासाठी पूर्ण पिक्चरमध्ये असा एकही सीन लिहिला नाहीये, तिला फक्त घाबरायचं आणि रडायचं काम आहे, याचं मला वाईट वाटतं.

यावर एका मित्राचं म्हणणं की असं केलं तर ट्रॅजेडीच संपली, मग पिक्चर कशाला. मला नाही पटत. कारण याचीही किंमत आहेच. जॉर्ज जेलमध्ये, केस, कोर्ट, पोरांना परत परत तेच विचारणार, केली आणि टॉमी आईकडे दुसऱ्या गावाला, गल्लीत कुजबुज, अँड्रिया घर बदलणार. इव्हान आणि केलीची मैत्री व्हायच्या आधीच तुटली. म्हणजे थिएटरवाल्या शेवटात जे होतं तेच होतं, केली आईकडे जाते आणि इव्हानला ती मिळत नाही, फक्त तिथे एका छोट्या मुलीच्या कानात विषारी वाक्य घालून हे साधलंय आणि इथे खरं बोलून. शिवाय थिएटरवाल्या शेवटात जॉर्जचं काय होतं? काहीच नाही. त्याचं घर तसंच, तळघर तसंच, कॅमेरा तसाच, आणि इव्हान, लेनी अजून त्याच गल्लीत राहतात. बाकी कुठलाच शेवट या माणसाला हात लावत नाही.

आणि गंमत बघा, एवढं केलं की तो कापलेला कॉफीवाला शेवट एकदम हक्काचा होतो. आता भेटायला हरकत काय आहे? तिच्यापासून लांब राहायची शपथ नाही, धमकी नाही, लपवायला काही नाही. मोठी झालेली केली, म्हणजे एमी स्मार्ट, न्यूयॉर्कच्या फुटपाथवर थांबते आणि तिला फक्त काहीतरी वाटत नाही, तिला नीट आठवतं. ती विचारते, तू अँड्रियाचा मुलगा ना? तो हो म्हणतो. मग जाऊ देत त्यांना कॉफीला, कितीही वेळ बसू देत, मला तो शेवट पूर्णपणे पटला असता.